मेलबर्नला जाताना सिंगापूरला १३ तास, आईबाबांनी वेळ कसा काढावा?

वर्तकनगर_ठाणे

नमस्कार. आईबाबा पहिल्यांदाच भारताबाहेर चाललेत, मेलबर्नला दादाकडे. विमान मुंबईहून रात्री पावणेबाराला, सिंगापूरला सकाळी साडेसातच्या आसपास उतरणार आणि पुढचं विमान थेट रात्री साडेआठला. म्हणजे मधे १३ तास. कमी थांब्याची तिकिटं होती पण दोघांचं मिळून फरक इतका येत होता की बाबांनीच सांगितलं राहू दे, आम्ही बसू. आता जायची तारीख जवळ आली तशी मला धाकधूक व्हायला लागलीय.

बाबा ७१, बँकेतून रिटायर, शुगर आहे आणि इन्सुलिन चालू आहे, पण चालायला ठणठणीत, रोज सकाळी उपवनला फेरी असतेच. आई ६६, तिचे गुडघे दुखतात, जिना नको वाटतो. पण तिला नुसतं बसून राहणंही जमत नाही, बसली की पाय आखडतात आणि मग उठताना जास्त त्रास. इंग्रजी दोघांना समजतं, बोलायला आई बुजते. तिकीट एकाच पीएनआरवर आहे, बॅगा थेट मेलबर्नला जाणार असं एजंट म्हणाला. व्हिसा ऑस्ट्रेलियाचा आलाय.

विचारायचं असं की विमानतळावरच थांबावं की बाहेर पडावं? नेटवर बघितलं तर दहा हजार गोष्टी करता येतात म्हणे पण त्या सगळ्या पंचविशीतल्या पोरांसाठी लिहिल्यासारख्या वाटतात. या वयाच्या माणसांनी खरंच काय करावं, कुठे पडावं, काय खावं, जे कोणी आपले आईवडील असे पाठवलेत किंवा स्वतः गेलेत त्यांनी प्लीज सांगा.


ऐरोली_सेक्टर८

अहो अजिबात टेन्शन घेऊ नका, १३ तास चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, मिळणं ही चांगली गोष्ट आहे. माझं मत स्पष्ट सांगतो, त्यांना बाहेर पाठवा, तेही फुकटात.

चांगी विमानतळाकडून फ्री सिंगापूर टूर असते. साडेपाच तासांपेक्षा जास्त आणि २४ तासांपेक्षा कमी थांबा असला की चालतं. अडीच तासांची असते, एसी बसने नेतात, गाइड असतो आणि परत विमानतळावर आणून सोडतात. मर्लायन, मरीना बे वगैरे दाखवणारी एक आहे, जुन्या वस्त्या दाखवणारी वेगळी आहे. चांगीच्या साइटवर आधी बुकिंग करता येतं, तिथे जाऊनही नाव देता येतं पण जागा भरलेल्या असू शकतात म्हणून घरूनच करा.

व्हिसाचं असं आहे की आपल्याला सिंगापूरचा व्हिसा लागतो, पण ऑस्ट्रेलियाचा चालू व्हिसा असलेला भारतीय माणूस ऑस्ट्रेलियाला जाताना ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय आत जाऊ शकतो. व्हिसा अजून महिनाभर तरी चालू हवा आणि पुढचं कन्फर्म तिकीट हवं. शेवटी आत सोडायचं की नाही ते समोरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो, त्यामुळे व्हिसाच्या पत्राची आणि पुढच्या तिकिटाची प्रिंट हातात द्या, मोबाइलमधे शोधत बसायला लावू नका त्यांना.

आणि एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरमधे शिरताना द्यायचा ऑनलाइन फॉर्म. बाहेर पडणार असाल तरच लागतं, उतरायच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरायचं आणि ते पूर्णपणे फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट गुगलवर वरती दिसतात, त्यावर जाऊ नका, आयसीए म्हणजे सिंगापूरच्या सरकारी इमिग्रेशन खात्याच्या साइटवरच भरा.


नेरुळची_आजी

ऐरोली, माहिती तू अगदी नीट दिलीस, पण मी वेगळं सांगणार आहे. माझी लेक सिडनीला असते, मी याच वाटेने जाते आणि आता माझं वयही या आईबाबांच्या मधलंच आहे.

पोरी, तू घड्याळाकडे बघ. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. ते सकाळी साडेसातला उतरतील तेव्हा त्यांच्या शरीरात पहाटेचे पाच वाजलेले असणार. पावणेबाराचं विमान म्हणजे ठाण्याहून संध्याकाळीच निघालेले, मग विमानतळावर रांगा, मग विमान उडाल्यावर जेवण आणतात ते दीड वाजता, मग जेमतेम डुलकी आणि लगेच नाश्त्यासाठी दिवे लावतात. अशा अवस्थेत उतरलेल्या माणसाला पहिल्या तासात सगळं छान दिसतं, झाडं काय, गालिचे काय, पण दहा वाजता अशी झोप चढते की खुर्चीत मान टाकून पडायची वेळ येते, आणि खुर्चीत झोपलं की कंबर आणि गुडघे दोन्ही जातात. म्हणून वेळ घालवायचा कसा हा प्रश्न नंतर, आधी झोपायचं कुठे ते ठरवा.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर आतच, म्हणजे इमिग्रेशन न करता, ट्रान्झिट हॉटेल आहे. टर्मिनल १ ला एरोटेल आहे, ६ तासांच्या हिशोबाने खोली देतात. महाग वाटेल पण गादीवर आडवं होणं, आंघोळ, बाबांना इन्सुलिन घ्यायला आडोसा, हे सगळं एका जागी होतं. आधी बुक करा, सकाळी तिथे जाऊन खोली मिळेल या भरवशावर राहू नका. खोली घ्यायची नसेल तर स्नूझ लाउंज आहेत, फुकट, पाय लांब करून रेलता येतं अशा खुर्च्या असतात. गर्दीच्या वेळी भरलेल्या असतात म्हणून उतरल्या उतरल्या आधी तिकडेच जायचं, बाकी फिरणं मागाहून. शाल आणि पायमोजे हातातल्या पिशवीत ठेव, एसी फार असतो, मी तर कानाला बांधायला रुमालही नेते.

सकाळी झोप झाली ना की दुपार आपोआप चांगली जाते. फुलपाखरांची बाग टर्मिनल ३ ला आहे, आतल्याच भागात, तिकीट नाही काही नाही. ती दिवसाच बघायची, अंधार पडला की फुलपाखरं पानांखाली जाऊन बसतात, मग दिसत नाहीत. अननसाच्या चकत्या टांगून ठेवलेल्या असतात, त्यावर ती बसतात आणि सोंड लावून रस ओढताना अगदी वीतभर अंतरावरून बघता येतं. आत जरा दमट असतं, चष्म्यावर वाफ धरते, पण एसीत गारठलेल्या सांध्यांना ती ऊब बरी वाटते. माझी नणंद सोबत होती तेव्हा तिच्या जांभळ्या साडीच्या पदरावर एक येऊन बसलं आणि ती दहा मिनिटं हललीच नाही. सगळ्यांनी फोटो काढले. तुझ्या आईला ही बाग नक्की आवडेल बघ.

टर्मिनल १ च्या गच्चीवर निवडुंगाची बाग आहे, टर्मिनल २ ला सूर्यफुलांची. पण सगळ्या बागा करायच्याच असा हट्ट नको, एक बघितली तरी पुष्कळ. आणि टर्मिनल ३ ला सिनेमाचं थिएटर आहे फुकट, चोवीस तास चालू, अंधार असतो, बाबांना पिक्चर नाही आवडला तर झोप तरी होईल.

बाहेरची टूर मी वाईट म्हणत नाही. पण ती दुपारनंतरची घ्या, झोप झाल्यावर, आणि त्या दिवशी सकाळी दोघांना बरं वाटतंय का ते बघूनच.


घोडबंदर_कासारवडवली

सिंगापूरचं वरच्यांनी सांगितलंच आहे, मी निघतानाचं सांगतो कारण अर्धा थकवा तिथेच येतो. पावणेबाराचं इंटरनॅशनल म्हणजे पावणेनऊला टी २ ला पोचायचं, आणि वर्तकनगरहून तुम्ही साडेसातला निघालात तर ऐन ट्रॅफिकमधे सापडणार, हायवेला असो नाहीतर जेव्हीएलआरला. मी तर म्हणेन सहालाच निघा. दुपारी दोघांना जबरदस्तीने दोन तास झोपवा, रात्रीचं जेवण घरूनच साडेपाचला करून निघा, विमानातल्या जेवणाची वाट बघू नका आणि आत बसल्यावर ते आलं तरी नाही म्हणून सरळ झोपा.

दुसरं, चार्जिंग. सिंगापूरला तीन चौकोनी पिनांचं सॉकेट, ऑस्ट्रेलियाला वेगळं, तिरक्या पिनांचं. त्यामुळे युनिव्हर्सल अॅडॉप्टर हातातल्या बॅगेत हवा, चेक-इन बॅगेत गेला की १३ तासांत फोन मेला आणि मग तुमची धाकधूक अजून वाढणार. पॉवरबँकही हातातच ठेवायची, ती चेक-इनमधे चालतच नाही, आणि सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून विमानात ती वापरायलाही बंदी केलीये, म्हणजे विमानतळावरच चार्ज करून घ्या.


खारेगाव_मेडिकल

मी औषधांच्या दुकानात असतो त्यामुळे बाबांच्या इन्सुलिनबद्दल लिहितो, हे वरच्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत टाकायचं नाही. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नसतं. सगळं हातातल्या बॅगेत, सुयांसकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत टाइप केलेलं असलं तर उत्तम. चालू पेन साधारण ४ आठवडे बाहेर चालतं, पण आपल्या पेनबरोबरचा कागद बघून खात्री करा. राखीव पेनं गार पाउचमधे.

चांगीला एक गोष्ट वेगळी आहे. टर्मिनल १, २, ३ ला सिक्युरिटी चेक थेट गेटवर होतो. म्हणजे दिवसभर बाटली भरून पाणी प्यायचं (तिथलं नळाचं पाणी बिनदिक्कत पिता येतं) आणि गेटच्या आत जाताना बाटली रिकामी करायची. बाबांना हे आधी सांगून ठेवा. इन्सुलिन तिथे ट्रेमधे वेगळं काढून दाखवायचं, औषधाला १०० मिलीचा नियम आड येत नाही. गेटच्या आत गेल्यावर सोयी कमी असतात, त्यामुळे बाथरूमला आधीच जाऊन यायला सांगा.

डोसच्या वेळा हा मुख्य मुद्दा. सिंगापूरला अडीच तास पुढे, मेलबर्न त्याहून दोन-तीन तास अजून पुढे. दिवस लहान होतो, जेवणं जवळजवळ येतात, डोसही जवळ येतात आणि शुगर खाली जाऊ शकते. डॉक्टरांकडून वेळांचा कागद लिहून आणा, इथल्या वेळेने आणि तिथल्या वेळेने दोन्ही. त्या दिवशी बाबा नेहमीपेक्षा जास्त चालणार हेही डॉक्टरांना सांगा. ग्लुकोजच्या गोळ्या शर्टाच्या खिशात, बॅगेत नाही.

दोघांनाही तासाभराने उठून पाच मिनिटं चाला म्हणावं. दोन विमानं आणि मधले १३ तास इतकं बसणं झालं की पाय सुजतात आणि या वयात पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते. आईला पोटरीपर्यंतचे दाबाचे मोजे चालतील का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

अजून एक, खसखस. मेलबर्नला पोरासाठी आई अनारसे करून नेत असेल किंवा घरचा गोडा मसाला असेल तर बाहेर पडताना तो बरोबर नको. सिंगापूरमधे खसखशीवर अमली पदार्थांचे नियम लागतात. तंबाखू, मशेरी, गुटखा यांवरही तिथे बंदी आहे. घरात कोणाला सवय असेल तर ती पुडी ठाण्यालाच राहू दे. च्युइंगगमही नको.


वर्तकनगर_ठाणे

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. अनारशाचं वाचून आईला फोन केला तर डबा खरंच भरून तयार होता, तो आता इथेच राहतोय. बाबांच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली.

आता दोन गोष्टी. एक, व्हीलचेअर. शेजारचे काका म्हणतात आईसाठी मागूनच घ्या, रांग लागत नाही, सगळं आपोआप होतं. आई म्हणते मी चालू शकते, मला खुर्चीत बसवू नका. दुसरं म्हणजे खाणं, दोघे शाकाहारी, बाहेरचं कमी खातात.


कोपरी_ठाणेपूर्व

व्हीलचेअरवर बोलतो, माझ्या आईच्या बाबतीत हे जवळून बघितलंय.

तिचा खरा फायदा तीन ठिकाणी. मुंबईला निघताना, मेलबर्नला उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत, आणि विमान बदलताना वेळ कमी असेल तेव्हा. मधल्या १३ तासांत मात्र तिचा जाच होऊ शकतो. खुर्ची ढकलणारा माणूस तुम्हाला मदत लागणाऱ्या प्रवाशांच्या ठरलेल्या जागेवर नेऊन बसवतो आणि पुढच्या विमानाच्या वेळी न्यायला येतो. तो तुम्हाला बागेत फिरवत बसणार नाही, त्याला दुसरी माणसं असतात. मग माणूस तिथून हलत नाही, बाथरूमला जायलाही संकोच करतो, की तो आला आणि मी नसले तर काय. माझी आई अशी कितीतरी तास एका जागी बसून होती, पाणीही कमी प्यायली. विमानतळ दुसरा होता, नाव घेत नाही, पण पद्धत बहुतेक ठिकाणी हीच.

तुमची आई म्हणतेय की बसून पाय आखडतात, मग तिचं ऐका. मुंबईला आणि मेलबर्नला मागा, सिंगापूरला उतरल्यावर दारातल्या माणसाला सांगायचं की आम्ही आमचे फिरतो, पुढच्या विमानासाठी गेटवर पोचू. तिकीट काढताना सबंध प्रवासाची मदत एकदम नोंदवली जाते, म्हणून एअरलाइनला फोन करून आधीच तसं सांगून ठेवा. चांगीला टर्मिनलमधे सरकते पट्टे जागोजागी आहेत आणि १, २, ३ ला जोडणारी स्कायट्रेन आहे, जिना चढायची गरज नाही, लिफ्ट सगळीकडे. फक्त टर्मिनल ४ ला ट्रेन नाही, बस आहे. खाली जाड गालिचा असतो, गुडघ्याला तो मऊ वाटतो पण चाकांची बॅग त्यावर ओढायला जड जाते, तेव्हा हातातलं सामान कमी करा किंवा तिथली फुकट ट्रॉली घ्या.

पाय दाबायची मशीनं आहेत आतल्या भागात, फुकट. पोटरी घट्ट धरतं, पहिल्यांदा दचकायला होतं म्हणून आईला आधी सांगून ठेवा. गुडघ्याचं काही ऑपरेशन वगैरे झालं असेल तर विचारल्याशिवाय नको.


नेरुळची_आजी

कोपरीने अगदी खरं सांगितलं. त्यात एक भर घालते. उतरल्यावर पहिलं काम म्हणजे पडद्यावर पुढच्या विमानाचं टर्मिनल बघायचं. सकाळी कदाचित गेट लागलेलं नसेल, पण टर्मिनल कळतं. माहिती काउंटरवर बोर्डिंग पास दाखवून विचारायचं, आई बोलायला बुजते तर बाबांनी विचारायचं. मग दोघांनी एकदा तिथपर्यंत जाऊन, किती वेळ लागतो ते बघून यायचं. आपल्या वयाच्या माणसाला दिवसभर जी भीती खाते ना ती कंटाळ्याची नसते, आपलं विमान निघून तर जाणार नाही ना याची असते. वाट एकदा पायाखालून गेली की बागेत मन लागतं. नाहीतर दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत बसतात, हे मी कितीतरी जोडप्यांचं बघितलंय तिथे. आणि हातातल्या घड्याळात सिंगापूरची वेळ लावून घ्यायची, उतरतानाच. मोबाइल आपोआप बदलतो आणि मनगटावरचं बदलत नाही, मग दोन वेळा दिसतात आणि गोंधळ उडतो.

खाण्यासाठी दशम्या कर. दुधातल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. सोबत कोरडी लसणाची चटणी किंवा तिळाची, ओलं काही नको. राजगिऱ्याचे लाडू बाबांच्या शुगरमुळे मोजकेच. भाजलेले चणे, खाकरा. दही, लोणचं, खार, हे सिक्युरिटीत काढून टाकतात. तिथे गरम काही लागलं तर शाकाहारी इंडियन मिळतं आणि चहा कुठेही मिळतो. हे सगळं सिंगापूरलाच संपवायचं मात्र, मेलबर्नला उतरताना कार्ड भरतात त्यावर खाण्याचं जे काही जवळ आहे ते लिहावंच लागतं, नाहीतर मोठा दंड करतात. उरलेलं नेलंच तर 'हो' लिहून दाखवायचं, ते बघतात आणि चालणार असेल तर सोडतात.


ऐरोली_सेक्टर८

आजींचं पटलं, झोप आधी हे बरोबर आहे. पण टूर रद्द करू नका हं, मी अजून त्याच मताचा आहे. बाबा रोज उपवनला फेरी मारणारा माणूस, त्यांना दिवसभर काचेच्या आत ठेवलंत तर संध्याकाळी तेच जास्त वैतागतील. दुपारी दोन-तीनच्या आसपासचं बघा, साडेपाच-सहापर्यंत परत येतील, साडेआठच्या विमानाला भरपूर वेळ. पाऊस दुपारी कधीही कोसळतो, घडीची छत्री द्या. हवा आपल्या मे महिन्यासारखीच चिकट, त्यामुळे आईला सुती साडी किंवा ड्रेस आणि बंद बूट.

आणि समजा आईला त्या दिवशी बरं वाटलं नाही तर जायचं नाही, टूर फुकट आहे, पैसे बुडत नाहीत. मग दुसरा उपाय, टर्मिनल २ आणि ३ मधली स्कायट्रेन ज्वेलच्या, म्हणजे विमानतळाला लागून असलेल्या मॉलच्या, आतून जाते. तिथला धबधबा ४० मीटर उंच आहे, छतातून पाणी खाली पडतं, २०१९ ला उघडला. इमिग्रेशन न करता नुसतं ट्रेनमधे उजेडाच्या वेळी एकदा जाऊन एकदा परत आलं तरी काचेतून दिसतो. बसायला एकदम पुढची किंवा मागची खिडकी धरा.


वर्तकनगर_ठाणे

ठरलं मग. एरोटेलची खोली सकाळी ८ ते २ बघतेय, तिकडे जायच्या आधी टर्मिनल बघून यायचं, दुपारी तीनची टूर मिळाली तर बुक करते आणि नाही गेले तर फुलपाखरं आणि ट्रेन. व्हीलचेअर फक्त दोन टोकांना. हे सगळं मी मोठ्या अक्षरात मराठीत एका कागदावर लिहून बाबांच्या शर्टाच्या खिशात देणार आहे.

एकच शंका, खोली २ ला सोडल्यावर आणि टूरला जाताना हातातल्या बॅगा कुठे ठेवायच्या?


नेरुळची_आजी

आतल्या भागात सामान ठेवायचं काउंटर आहे, पैसे घेतात. पावती बाबांकडे. पण इन्सुलिनचा पाउच, पासपोर्ट आणि दोन्ही बोर्डिंग पास त्यात ठेवायचे नाहीत, ते आईच्या खांद्याच्या पर्समधे. आणि टूर दुपारी अडीचनंतरचीच घे, खोली सोडून, सामान ठेवून, इमिग्रेशन करून बाहेर यायला अर्धा-पाऊण तास सहज जातो.